गॅस संपत नसतो

पार्से गावात माझं मराठी सुधारण्याची हिंमत एकाच माणसानं केली, आणि तो सातवी नापास होता. मी तीस वर्षं हायस्कुलात व्याकरण शिकवलं, पोरांच्या वह्या लाल केल्या, घरी बायकोच्या किराणा यादीतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून तिची बोलणी खाल्ली. पण आत्माराम मेस्तानं पहिल्याच भेटीत मला भर उन्हात उभं करून वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, आणि मी ते शहाण्या मुलासारखं म्हटलं.

झालं होतं असं, की माझ्या जुन्या गाडीचा एसी नुसता वारा फुंकत होता. गाडीला पंधरा वर्षं झाली होती. म्हापशाला जाऊन दोनदा गॅस भरून आणला. दोन्ही वेळा पंधरवडाभर गार वाटलं, मग पहिले पाढे पंचावन्न. कुणीतरी म्हणालं, पेडण्याच्या रस्त्याला फणसाखाली एक मेस्त बसतो, जरा तऱ्हेवाईक आहे, पण त्याच्याकडे जा. आमच्याकडे हातात कसब असलेल्या कुणालाही मेस्त म्हणतात, मग तो सुतार असो की गवंडी. हा मेस्त गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. पत्र्याची शेड, मागे लागूनच घर, आणि शेडीवर त्यानं स्वतः रंगवलेली फळी: 'येथे गाड्या थंड करून मिळतील'. फळी लावणारा मात्र कायम तापलेला असे, हे मला पाचच मिनिटांत कळलं.

मी गाडीतून उतरून म्हटलं, "मेस्त, गॅस संपलाय. जरा भरून द्या."

तो दुसऱ्या एका गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला. वर न बघताच बोलला, "तुमी पार्श्याचे मास्तर मां? शाळेत काय शिकवतास?"

"मराठी."

"मगे असा कित्याक बोलतास? गॅस काय पेट्रोल आसा, संपाक? गॅस संपना नाय. गॅस जाता. खंयतरी भोक आसता, थंयसून जाता. आदी नीट बोला, मगे बॉनेट उघडतंय."

मी इकडेतिकडे बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं. "गॅस गेलाय," मी म्हटलं.

"आता कसा! बसा त्या कदेलार."

कदेल म्हणजे खुर्ची. तिला एक पाय कमी होता आणि त्या जागी विटा रचलेल्या होत्या. त्या कदेलावर नंतरच्या सहा-सात वर्षांत मी इतके तास काढले, की आमच्या घरी माझ्या नावानं चहा टाकणं बंद झालं.

मेस्त मूळचा दोडामार्गाकडचा. पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, गालांवर कायम चार दिवसांची दाढी. ती तशी असण्याचं कारण मजेशीर होतं. त्याचा दाढीचा ब्रश गाड्यांसाठी राखीव होता. पितळी कपात साबण घोटून दाट फेस करायचा आणि तो ब्रशानं एसीच्या नळ्यांना, सांध्यांना, जोडांना लावत सुटायचा. रस्त्यानं जाणारे म्हणत, मेस्त गाडीची दाढी करतोय. तो लक्ष देत नसे. आधी नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरून ठेवलेला असे. जिथून तो निसटतो तिथे फेसातून बुडबुडा उठतो. कधी लिंबाएवढा, कधी मोहरीएवढा. मोहरीएवढा बुडबुडा बघायला तो श्वास रोखून दहा-दहा मिनिटं एकाच सांध्याकडे टक लावून बसे, आणि त्या वेळी गिऱ्हाईक शिंकलं तरी त्याला शेडीबाहेर जावं लागे.

पण फेस ही शेवटची पायरी. त्याआधी प्रश्न. कूलिंग एकदम गेलं की हळूहळू? गाडी कुठे ठोकली होती? आणि सगळ्यात पहिला, कधीही न चुकणारा प्रश्न: "पायाकडे ओला लागता काय?" डाव्या बाजूला बसणाऱ्याच्या पायाखालची चटई ओली होत असेल, तर आतल्या कूलिंग कॉइलचं पाणी बाहेर जायची नळी तुंबलेली असते. पाणी आतच साचतं, आणि साचलेलं पाणी कॉइल खातं. म्हणून तो गिऱ्हाइकाचं नाव विचारायच्या आधी त्याचे पाय विचारायचा. त्यानंतर टॉर्च घेऊन तेलाचे डाग शोधायचे. "मास्तर, गॅस एकटो जाना नाय. जाताना तेल घेवन जाता. आणि तेल इला काय धूळ बसता. चोर चलाख आसात, पण पाय पुसणा नाय." मी वर्गात कित्येक पोरांना तर्कशास्त्र समजावून दमलो होतो. हे वाक्य आधी ऐकलं असतं तर माझा पुष्कळ घसा वाचला असता.

माझ्या गाडीत त्याला सापडला तो मोहरीएवढा बुडबुडा. नळीच्या जोडातलं अंगठीएवढं रबर कडक झालं होतं. ते बदललं, दिवसभर गाडीला दाबावर ठेवलं, संध्याकाळी मीटरचा काटा हललेला नाही हे मला चष्मा लावून बघायला लावलं, आणि मग गॅस भरला. भोक सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही, हा त्याचा नेम. लोक हातापाया पडत, शिव्या देत, पेडण्याला दुसरा कोणी नाही का म्हणून निघून जात. तो म्हणे, "जांव दे. गळक्या घागरीत पाणी भरूक माका येना नाय."

असाच एक मोरजीचा टॅक्सीवाला आला होता. पर्यटक हॉटेलात थांबलेत, दहा मिनिटांत नुसता गॅस मार, असा त्याचा घोषा. मेस्तानं त्याला हात जोडून वाटेला लावला. तीन दिवसांनी स्वारी परत. दुसरीकडे भरलेला गॅस तिसऱ्या दिवशी गायब झाला होता. मेस्तानं पुढची जाळी काढली आणि बघतच राहिला. टॅक्सीवाल्याने नजर लागू नये म्हणून समोर लिंबू-मिरची बांधली होती, तारेनं. गाडी हलली की तार मागच्या कंडेन्सरच्या नळ्यांवर घासायची. घासून घासून सुईएवढं भोक पडलं होतं.

"नजर लागा नये म्हणान बांधलंस," मेस्त त्याला म्हणाला, "आणि तारच लागली. आता ह्या तारेची नजर कोण काढतलो?"

त्या दिवशी तो इतका हसला की त्याला खोकला लागला. मागच्या खिडकीतून त्याची बायको म्हणाली, "लोकांच्या देवाक हसा नकात हो. आपलो पण वायच देव आसा." तेव्हा मी तिचं बोलणं नुसतं ऐकलं आणि सोडून दिलं.

तिचं नाव शालन. मी तिला वैनी म्हणायचो. गोरी, ठेंगणी, आणि तोंडाची फार गोड तिखट. ती खिडकीत बसून शेडीतल्या प्रत्येक कामावर शेरे मारायची. दोघांना मूलबाळ नव्हतं. डिचोलीला खाणी चालू होत्या तेव्हा मेस्त तिथे मोठ्या यंत्रांच्या केबिनचे एसी सांभाळायचा. खाणी बंद पडल्या, यंत्रं गंजली, आणि हे दोघं तिच्या माहेरच्या जमिनीच्या तुकड्यावर, या फणसाखाली आले. आल्यावर दोन वर्षांनी तिचा आजार निघाला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती चहा घेऊन स्वतः शेडीत यायची. नंतर भिंत धरून यायला लागली. नंतर चहा मेस्त करायला लागला, आणि तो इतका वाईट करायचा की ती खिडकीतून माझी क्षमा मागायची.

नसांचा आजार होता. थंडीच्या दिवसांत ती बरी असे, पण अंग तापलं की पाय उचलत नसत, हातातली वस्तू गळत असे, बोलणं जड होई. मेस्त मला समजावून सांगताना म्हणाला, "डॉक्टर इंग्लिशीत कायतरी सांगता. माका समाजला ता असा. आतली वायर बरी आसा, पण वयला रबर जाता. गरम झाला काय शॉर्ट." मी नंतर माझ्या एका डॉक्टर विद्यार्थ्याला विचारलं. तो म्हणाला, सर, मी पण याहून चांगलं सांगू शकणार नाही.

दर महिन्याला तिला बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागे. औषध सलाइनमधून चढवायचं. आजार त्यानं बरा होत नव्हता, पण जिथे आहे तिथे थांबेल अशी आशा होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला उन्हातून आणू नका, गारव्यातून आणा आणि गारव्यातून न्या. पार्श्याहून बांबोळी, दुपारी परत. थोडक्यात, त्या बाईचे पाय टिकणं न टिकणं एका गाडीच्या एसीवर येऊन ठेपलं होतं, आणि तो एसी गळत होता.

गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून घेतलेली, उन्हात तापली की अजून भाजलेल्या पावाचा वास यायचा. तिला मुळात एसी नव्हताच. मेस्तानं तो स्वतः बसवला. खाणीवरच्या भंगारातली एक कॉइल आणली, पत्र्याची पेटी केली, पुढे जाळी लावली, आणि ती पेटी डाव्या सीटच्या बरोबर समोर टांगली, शालनवैनीच्या तोंडावर सरळ गार वारा यावा म्हणून. सीट उंच, दार सरकतं, तिला चढता-उतरता येई. मी माझी गाडी दोनदा दिली. पण तिच्या ताठलेल्या पायांना ती फार खाली पडे आणि उतरवताना तिला रडू यायचं. टॅक्सीत तेच. म्हणून व्हॅन.

व्हॅनचा गॅस दर तीन-चार आठवड्यांनी जायचा. तालुक्याच्या गाड्यांची भोकं शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीचं भोक सापडत नव्हतं. लोकांना बोलायला विषय मिळाला. दोन वर्षं त्यानं ती व्हॅन फेसानं माखली. सगळे पाईप बदलले, कंडेन्सर बदलला, जोड बदलले. पेटी तेवढी उघडली नाही. मी एकदा म्हटलं, तीही बघा की. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. "पेटी माज्या हातची आसा," तो म्हणाला. "ती फुटूची नाय." नियम सगळ्यांना सारखे, हे मी पोरांना शिकवलं. स्वतःच्या हातच्या वस्तूला आपण सगळेच सूट देतो, हे मला त्याच्याकडून कळलं.

सेवानिवृत्त झाल्यावर मी त्यांच्याबरोबर बांबोळीला जाऊ लागलो. मेस्त चाकाची खुर्ची आणायला गेला की वैनीला धरायला कुणीतरी लागायचं, आणि मी रिकामटेकडा. निघण्याआधी पहाटे सातेरीच्या देवळासमोर थांबायचं. देवीला पाकळ्या लावलेल्या असत, भटजी गाऱ्हाणं घाली, आणि उजवी पाकळी पडली की प्रसाद झाला, म्हणजे देवीनं होकार दिला, निघा. मेस्त देवळाबाहेर विडी ओढत उभा राही. मी पडलेली पाकळी आणून वैनीच्या हातात दिली की ती कपाळाला लावून समोरच्या जाळीच्या फटीत खोचून ठेवी. पायदळी येऊ नये, आणि देवीला वाऱ्याबरोबर आपल्या तोंडासमोर ठेवावं, असा तिचा हिशेब. पाकळी दुसऱ्या फेरीपर्यंत कुठे जाते, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

एका एप्रिलमध्ये परत येताना पर्वरीला रस्त्याच्या कामामुळे गाड्या अडकल्या. गाडी धावत असली की जरा तरी गार लागे, थांबली की जाळीतून नुसती वाफ. मेस्त सारखा तिच्याकडे बघत होता. बघून काय होणार होतं. मी मागे थर्माकोलच्या डब्यात बर्फ घेऊन बसलो होतो. तो मासळीवाल्याकडचा. ओलं फडकं करून मी पुढे देत होतो आणि तो ते एका हातानं तिच्या मानेवर ठेवत होता.

"माका बांगडो करून नेतत हे," वैनी जड जिभेनं म्हणाली. मग तिच्या हातातली पाण्याची बाटली सुटून खाली पडली.

पुढे जरा मोकळं झाल्यावर मेस्तानं गाडी एका झाडाखाली घेतली. मी खाली उतरून पडलेली बाटली उचलायला वाकलो. बाटली झाकणबंद होती. पण तिच्या पायातल्या चपला भिजून जड झाल्या होत्या.

"वैनी, तुमच्या चपला ओल्या कशा?" मी विचारलं. मी आयुष्यात पुष्कळ निरर्थक प्रश्न विचारलेत. हा एक विचारला नसता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं, आणि नसता विचारला तरी काहीच वाचणार नव्हतं हेही कळतं.

मेस्त गाडीला वळसा घालून आला. रस्त्यावर गुडघे टेकले. चटई उचलली. खाली चार बोटं पाणी होतं. त्यानं बोट बुडवून वास घेतला, आणि मग तिच्या पावलाला हात लावून तसाच राहिला.

"शालन, ह्या ओला कधीपासून आसा?"

"काय ओला?"

"तुजे पाय. पाण्यात आसत."

तिनं खाली बघितलं. दुसऱ्या कुणाचे पाय बघावेत तसं बघितलं. "माका कळाक नाय," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "चवथीपासून कळणा नाय."

चवथ म्हणजे गणेश चतुर्थी. ऑगस्ट-सप्टेंबर. म्हणजे सात-आठ महिने तिला पावलांचं काही कळत नव्हतं. जो प्रश्न मेस्त प्रत्येक अनोळखी गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, तो त्यानं घरात विचारला नव्हता असं नाही. मला नंतर कळलं की विचारला होता. ती नाही म्हणाली होती. ती खोटं बोलली नव्हती. तिला खरंच ओलं लागत नव्हतं.

"माका सांगलंस नाय," मेस्त म्हणाला.

"सांगान काय करतलात? साबू लावन बघतलात?"

ती हसली. मला वाटलं तोही हसेल. तो उठला, स्टिअरिंगवर बसला, आणि गाडी थेट पार्श्याला आणली. मागे बसून मला इतकी लाज वाटत होती, की जसं काही ते पाणी मीच ओतलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पेटी उघडली. मी कदेलावर होतो. चार स्क्रू काढले, पत्रा बाजूला केला. कॉइलच्या खालच्या पन्हळीत काळा लगदा साचला होता, चहाच्या चोथ्यासारखा. त्यातली एक अर्धी पाकळी अजून लाल होती. पाणी बाहेर जायची नळी त्या लगद्यानं बंद. आणि लगद्यात बुडालेला कॉइलचा खालचा सगळा भाग पांढरा पडून चाळणीसारखा झालेला. दर महिन्याला देवीनं जा म्हणून सांगितलं, त्या प्रत्येक 'जा'ची पाकळी आत पडून कुजली होती.

मला त्या टॅक्सीवाल्याची तार आठवली. त्यालाही आठवली असणार. त्यानं तो लगदा बोटांनी निपटून करवंटीत भरला. कचऱ्यात टाकणार नाही हे उघड होतं. एरवी देवळाची पायरी न चढणारा हा माणूस ती करवंटी घेऊन नदीवर गेला आणि निर्माल्य सोडावं तशी सोडून आला. जाताना मला म्हणाला, "मास्तर, हिका सांगा नकात."

आतून वैनीनं विचारलंच. "काय मेळला ओ?"

"उंदरान घर केलेला," तो म्हणाला. "बरोबर मां मास्तर?"

"हो वैनी," मी म्हटलं. "भला मोठा उंदीर."

त्यानंतर काय काय झालं ते लांबवत नाही. चाळणी झालेली कॉइल त्यानं झाळून, भोकं बुजवून बघितली, ती तीन आठवडे टिकली. मग कोल्हापूरच्या भंगार बाजारातून दुसरी आणली, नवी पेटी केली. कॉइलनं दाब धरला, तर जुना कॉम्प्रेसर पुढच्या बाजूनं गळायला लागला. तो खोलून बसवला, मग दुसरीकडे. विरलेल्या धोतराला ठिगळ लावलं की ते ठिगळाशेजारी फाटतं, तसं चाललं होतं. गाडी तर गाडी, वैनीचंही तेच. आधी पाय गेले, मग उजवा हात. प्रसाद लावणं तिनं सोडलं नाही, आणि पाकळी जाळीत खोचणंही. डावा हात वर नेता येईना तेव्हा ती मला खोचायला सांगे. मी खोचायचो. घरी आल्यावर मेस्त तिला उचलून आत निजवी, मग गुपचूप व्हॅनकडे येऊन चिमट्यानं ती पाकळी काढी आणि शर्टाच्या खिशात ठेवी. दर धुण्याला त्याच्या खिशावर लाल डाग पडलेला असे. तिनं तो पाहिला नसेल असं मला वाटत नाही. पण त्या घरात दोघंही एकमेकांना न सांगण्यात पटाईत होते.

मग बांबोळीच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता आणू नका. औषधाचा उपयोग होत नाही आणि प्रवासाचा त्रासच जास्त होतो. डॉक्टर भले होते, त्यांनी ते फार हळू सांगितलं. मेस्तानं विचारलं, "म्हणजे पुढच्या महिन्यात किती तारखेक?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. मला माझी तीस वर्षांची नोकरी, माझे सगळे शब्द, त्या वेळी कवडीमोल वाटले. मेस्ताला वाक्य नीट समजावून सांगणं हे माझं काम होतं, आणि मला ते जमलं नाही.

गाड्या येणं हळूहळू कमी झालं. तो आधीच तोडून बोलायचा, आता दारच लावून घेऊ लागला. फळी पावसात एका बाजूनं सुटून लोंबायला लागली. मी जायचो, कदेलावर बसायचो. आतून वैनीचा आवाज पूर्वीसारखा येत नसे. कधी आलाच तर एकच शब्द येई, तोही तिसऱ्यांदा कळायचा. मेस्ताला पहिल्यांदाच कळे.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. गावातला ट्रान्सफॉर्मर जळाला, दोन दिवस वीज नव्हती. मेस्तानं घरात तिच्यासाठी एसी लावला होता, तो बंद, पंखा बंद. हवा जागची हलत नव्हती. मला घरी बसवेना. दुपारी छत्री घेऊन चालत गेलो.

लांबूनच इंजिनाचा आवाज आला. व्हॅन फणसाखाली उभी होती, काचा बंद, इंजिन चालू. डावी आणि मागची सीट काढून त्यानं आत पुढच्या जाळीपर्यंत गादी घातली होती, आणि गादीवर वैनी निजलेली होती. अंगात ताप होता, कालपासून काही गिळलं नव्हतं, एवढं मेस्तानं सांगितलं. घरात गरम होतं, म्हणून तिला इथे आणलं. गाडी कुठे जायची नव्हती. तो बॉनेट उघडून गॅसचा डबा जोडत होता. शेजारी तीन रिकामे डबे पडले होते. फेसाचा कप, ब्रश, नायट्रोजनचा सिलिंडर, काही बाहेर काढलेलं नव्हतं. मी डब्यांकडे बघितलं, आणि तो ओशाळला.

"वायच वेळ चलाक व्हया," तो म्हणाला.

"चालू दे थोडा वेळ," मी म्हटलं.

आतून काचेवर काहीतरी वाजलं. वैनीचा डावा हात होता, बोटातल्या अंगठीचा आवाज. मेस्तानं धावत जाऊन दार वीतभर सरकवलं आणि कान तिच्या तोंडाशी नेला. मला ऐकू आलं नाही. तो मागे वळला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. किती वर्षांनी मी त्या माणसाच्या तोंडावर आनंद बघत होतो.

"तिका थंडी लागता!" तो मला म्हणाला. "मास्तर, ऐकलात? शालनीक थंडी लागता. वाकळ आणतंय," आणि तो घराकडे पळाला. साठीला आलेला माणूस, अनवाणी, तापलेल्या मातीवरून पळत गेला.

दार उघडंच होतं. वैनीचे डोळे मिटलेले होते, ओठ निळसर, आणि ती खरंच कुडकुडत होती. मी आत हात घालून जाळीसमोर धरला. वारा गरम होता. बाहेरच्या उन्हापेक्षाही गरम.

मी हात काढून घेतला तोवर तो वाकळ घेऊन आलाही. त्यानं ती तिच्या अंगावर घातली, पायांच्या खाली नीट खोचली, गळ्याशी ओढली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. तो जाळीपासून हातभर अंतरावर वाकला होता, घामानं भिजलेला, आणि त्याला ते कळत नसेल हे शक्यच नव्हतं.

"मास्तर," तो मागे न बघता म्हणाला, "दार लावा बेगीन. थंड भायर जाता."

मी दार लावलं.